विश्वाच्या फुग्याला टाचणी कुठे टोचायची

विश्व म्हणजे चार मितींतल्या एका अजस्र गोळ्याचं पृष्ठ आहे. त्या गोळ्याची त्रिज्या प्रकाशाच्या वेगाने वाढते आहे, आणि आपण ज्याला काळ म्हणतो तो म्हणजे ही वाढणारी त्रिज्याच. ही कल्पना पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या माणसांना, एकमेकांचं काही न वाचता सुचते. दर वेळी नाव नवं असतं, आकृती तीच. कागदावर एक वर्तुळ, मध्यबिंदूपाशी महास्फोट, परिघावर दीर्घिका, आणि मध्यापासून परिघाकडे जाणारे बाण.

अशी आकृती घेऊन कुणी विद्यापीठाच्या दारात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलं की काय होतं, ते ठरलेलं आहे. विद्यापीठात आधी पदवी विचारतात. वर्तमानपत्रात आधी फोटो काढतात. एकीकडे माणूस आकृतीसकट बाहेर, दुसरीकडे आकृती थेट मथळ्यात, आणि ती बरोबर आहे का हे दोन्हीकडे कुणी पाहत नाही. माझं म्हणणं असं, की पदवी विचारूच नये. पहिल्याच भेटीत आकडे मात्र मागावेत. आणि ते आकडे काढायची रीत आकृती काढणाऱ्याला मराठीत, स्वतःच्या हाताने, एका संध्याकाळीत करता यावी इतकी सोपी करून ठेवणं हे जाणत्यांचं काम आहे. ते आपण केलेलं नाही. म्हणून ते इथे, याच आकृतीवर करून पाहू.

आधी आकृतीला तिचं श्रेय. ती वेडगळ नाही. १९१७ साली आइन्स्टाइनने मांडलेलं पहिलं सापेक्षतावादी विश्व असंच गोलपृष्ठाचं होतं, फक्त स्थिर. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्रीडमनने त्या गोलाची त्रिज्या बदलू दिली. आइन्स्टाइनला तो निष्कर्ष संशयास्पद वाटला, तसं त्याने छापूनही टाकलं, आणि पुढच्याच वर्षी आपली चूक कबूल करून आक्षेप मागे घेतला. तेव्हा ‘भूमितीतून विश्व’ हा रस्ता राजमार्गच आहे.

शिवाय या आकृतीतून हबलचा नियम फुकटात मिळतो: दीर्घिका जितकी दूर तितक्या जास्त वेगाने ती आणखी दूर जाते, आणि वेग भागिले अंतर म्हणजे हबल स्थिरांक. दोन दीर्घिकांमधला मध्याशी होणारा कोन कायम. त्यांच्यातलं अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले कोन. त्रिज्या प्रकाशवेगाने वाढते, म्हणून त्या एकमेकींपासून दूर जाण्याचा वेग म्हणजे प्रकाशवेग गुणिले कोन. वेगाला अंतराने भागा, कोन उडून जातो, उरतं एक भागिले विश्वाचं वय. म्हणजे हबल स्थिरांक आणि वय एकमेकांचे व्यस्त. वय १३.८ अब्ज वर्षं धरलं तर हबल स्थिरांक येतो ७०.९ किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षं). प्लँक उपग्रहाच्या मोजमापातून ६७.४ येतो, सेफिड (ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे तारे) आणि सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) यांवरून मोजलेल्या अंतरांच्या शिडीवरून ७३ येतो, आणि आमची आकृती बरोब्बर मधोमध! इथे आकृती काढणाऱ्याचा हात थरथरतो. माणूस इथून पुढे परत फिरत नाही, कारण एका ओळीच्या गणिताने जे दिलं ते योगायोग असेल यावर मन बसत नाही.

पण योगायोगच आहे, आणि तो का होतो हे सांगता येतं. प्रमाण मॉडेलमध्ये, म्हणजे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ आज मानतात त्या मॉडेलमध्ये, विश्वाचं प्रसरण आधी गुरुत्वाकर्षणाने मंदावत गेलं आणि गेल्या पाच-सहा अब्ज वर्षांत कृष्ण ऊर्जेमुळे पुन्हा वेगावलं. मंदावण्यामुळे वय आणि हबल स्थिरांक यांचा गुणाकार एकच्या खाली जातो, वेगावण्यामुळे वर येतो. आज दोन्हींची वजाबेरीज होऊन तो ०.९५ च्या आसपास आहे. सात अब्ज वर्षांपूर्वी मोजला असता तर एकपासून बराच खाली असता, पुढे तो एकच्या वर जाईल. प्रवासाच्या शेवटचा वेग सरासरी वेगाएवढा आला म्हणून मधला सगळा प्रवास एकाच वेगाने झाला असं ठरत नाही. त्यामुळे तपासायचा तो मधला प्रवास.

त्यासाठी लागतं एक एक्सेल शीट आणि चार स्तंभ. पहिल्या स्तंभात ताम्रच्युती, म्हणजे रेडशिफ्ट (प्रकाशाची तरंगलांबी वाटेत जितक्या पट झाली, त्यातून एक वजा): ०.०१ पासून २ पर्यंत, ०.०१ च्या पायरीने. दुसऱ्यात प्रमाण मॉडेलचं अंतर. (१ + ताम्रच्युती) चा घन करा, ०.३ ने गुणा, ०.७ मिळवा, वर्गमूळ काढा, ०.०१ ला या वर्गमुळाने भागून वरपासून बेरीज करत या. ही बेरीज प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक या लांबीने गुणायची. हबल स्थिरांक ७० धरला तर ती लांबी ४,२८३ मेगापार्सेक. ताम्रच्युती १ ला बेरीज ०.७७ च्या आसपास आली पाहिजे आणि अंतर ३,३०० मेगापार्सेकच्या घरात. नाही आलं तर पुढे जाऊ नका, सूत्र चुकलंय. या अंतराला (१ + ताम्रच्युती) ने गुणलं की तेजस्वितेवरून दिसणारं अंतर मिळतं: सुमारे ६,६०० मेगापार्सेक.

तिसऱ्या स्तंभात आपल्या गोळ्याचं अंतर. गोलपृष्ठावर प्रकाश चालतो तेव्हा तो दर क्षणाला जितका कोन ओलांडतो तो म्हणजे प्रकाशवेग गुणिले काळाचा तुकडा, भागिले त्रिज्या. त्रिज्या स्वतःच प्रकाशवेग गुणिले काळ, म्हणून प्रकाशवेग उडतो आणि एकूण कोन येतो (१ + ताम्रच्युती) चा नैसर्गिक लॉगरिदम. गोलपृष्ठ असल्यामुळे प्रकाश पसरण्याचं क्षेत्रफळ ठरवतो त्या कोनाचा साइन. म्हणून तेजस्वितेचं अंतर: ४,२८३ गुणिले (१ + ताम्रच्युती) गुणिले त्या लॉगरिदमचा साइन. ताम्रच्युती १ ला लॉगरिदम ०.६९३, त्याचा साइन ०.६३९, अंतर ५,४७३ मेगापार्सेक.

इथे हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. हे कोन रेडियनमध्ये आहेत. एक्सेल रेडियनच धरतं, पण मोबाइलमधले बरेच कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेले असतात. अंशांत काढलंत तर ५,४७३ ऐवजी १०४ येईल. दुसरी चूक त्याहून वाईट, कारण ती दिसत नाही: साइन लावायचाच विसरून नुसता लॉगरिदम वापरणं. तसं केलं की आकृती गोळ्याची राहते आणि गणित सपाट विश्वाचं होतं. उत्तर ५,९३७ येतं, खऱ्याच्या जरा जवळ जातं, आणि माणूस खूश होतो.

चौथ्या स्तंभात दोन अंतरांच्या भागाकाराचा दहाच्या पायावरचा लॉगरिदम, गुणिले ५. हा प्रतीच्या, म्हणजे तेजस्विता मोजण्याच्या मॅग्निट्यूड या एककातला फरक. ताम्रच्युती ०.५ ला ०.२४ येतो, १ ला ०.४१. म्हणजे ताम्रच्युती १ चा सुपरनोव्हा गोळ्याच्या विश्वात जेवढा उजळ दिसायला हवा, त्याहून प्रत्यक्षात मंद दिसतो. प्रकाशाच्या भाषेत गोळा सुमारे ४६ टक्के जास्त उजेड सांगतो. नीट दुरुस्त्या केल्यावर एकेका टाइप वन-ए (जवळपास सारख्याच मूळ तेजस्वितेच्या) सुपरनोव्हाची अनिश्चितता ०.१५ प्रतीच्या आसपास असते, आणि पँथिऑन प्लस या खुल्या संग्रहात असे १,५५० सुपरनोव्हा, त्यांच्या १,७०१ प्रकाशवक्रांसह, कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. दीड हजार सुपरनोव्हांच्या सरासरीसमोर ०.४ चा फरक लपत नाही.

‘सुपरनोव्हाची मूळ तेजस्विता तुम्हाला नक्की कुठे माहीत आहे?’ हा प्रतिवाद इथे येतो, आणि तो रास्त आहे. मूळ तेजस्विता बदलली की सगळा वक्र उभा वर किंवा खाली सरकतो. सरकवा. पण तो अखंड सरकतो; जवळचे आणि दूरचे सुपरनोव्हा यांच्यातला फरक जसाच्या तसा राहतो. जवळच्यांशी जुळवलंत तर दूरचे चुकतात, दूरच्यांशी जुळवलंत तर जवळचे. तुलना करताना ताम्रच्युती ०.०१ च्या आतले सुपरनोव्हा मात्र गाळावेत. तिथे प्रसरणाचा वेगच सेकंदाला ३,००० किलोमीटर, आणि दीर्घिकांचे आपापले वेग तीनेकशे किलोमीटर सहज असतात. दहा टक्क्यांची ही गडबड प्रसरणाची नाही, शेजारपाजारच्या गुरुत्वाकर्षणाची आहे.

आता जरा या गोळ्यावर रेंगाळू, कारण त्याच्या लॉगरिदममध्ये एक मोठी गंमत आहे आणि ती आकृती काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कोन जर वयांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमएवढा असेल, तर विश्वाचं वय २३.१४ पट झालं की प्रकाश अर्धा फेरा मारतो आणि ५३५ पट झालं की पूर्ण फेरा. म्हणजे आज वय १३.८ अब्ज वर्षं असेल तर विश्वाचं वय ५९.६ कोटी वर्षं असताना निघालेला प्रकाश गोळ्याच्या नेमक्या विरुद्ध टोकाकडून आपल्यापर्यंत आला. त्याची ताम्रच्युती २२. पृथ्वीवर उत्तर ध्रुवावरून निघालेली सगळी रेखावृत्तं दक्षिण ध्रुवावर एकवटतात, तसं तिथल्या एकाच दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे सगळ्या दिशांनी येईल. ती एक दीर्घिका अख्खं आकाश भरून टाकेल.

जेम्स वेब दुर्बिणीने ताम्रच्युती १४ च्या पुढच्या दीर्घिका वर्णपटासकट पाहिल्या आहेत, २२ ची अजून नाही. पण १४ लाही गोळा अडचणीत येतो. तिथे त्याचा साइन ०.४ वर उतरलेला असतो, त्यामुळे आकाशात तेवढ्याच कोनात दिसणारी वस्तू प्रमाण मॉडेलच्या मानाने साधारण सहापट लहान मानावी लागते. अडीचशे पार्सेक त्रिज्येची म्हणून नोंदलेली दीर्घिका गोळ्याच्या हिशेबात चाळीसेक पार्सेकची होते. ते एखाद्या मोठ्या तारकागुच्छाचं माप झालं.

आणि सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी, म्हणजे विश्वाच्या तप्त बालपणातून उरलेला, सगळ्या दिशांनी येणारा उजेड? तिची ताम्रच्युती १,०९०. लॉगरिदम ६.९९, पूर्ण फेरा ६.२८. आपण आकाशात जो पार्श्वभूमीचा उजेड मोजतो तो गोळ्याला एक आख्खी प्रदक्षिणा घालून, वर थोडा पुढे जाऊन आपल्याकडे पोचलेला असला पाहिजे. त्या उजेडातल्या चट्ट्यांची आकाशातली रुंदी साधारण एक अंश भरते. बूमरँग या फुग्यावरच्या प्रयोगाचे २००० सालचे निष्कर्ष, मग डब्ल्यूमॅप, मग प्लँक, सगळ्यांनी हाच आकडा जास्त जास्त नेमका केला. या चट्ट्यांवरून आणि दीर्घिकांच्या नकाशांवरून विश्वाची वक्रता निघते. वक्रतेचा जो निर्देशांक वापरतात (शून्य म्हणजे सपाट, उणे म्हणजे गोलासारखं बंद) तो आपल्या गोळ्यासाठी उणे १ असायला हवा, कारण त्याची त्रिज्या आणि हबल-लांबी (प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक) एकच. मोजमाप ०.०००७, अनिश्चितता ०.००१९. नुसता प्लँकचा विदा घेतला तर उणे ०.०४ कडे थोडा कल दिसतो. त्यावर २०१९ मध्ये ‘विश्व बंद आहे का’ असा वाद रंगलाही. रंगू द्या. पण उणे १ आणि उणे ०.०४ यांत पंचवीस पटींचं अंतर आहे. विश्व गोलपृष्ठच असेल तर त्याची त्रिज्या १४ अब्ज प्रकाशवर्षं नसून किमान २०० अब्ज प्रकाशवर्षांच्या घरात असावी लागते, आणि मग ‘त्रिज्या म्हणजेच वय’ हे आकृतीचं सगळं सौंदर्य गेलं.

एवढ्यावर माझ्या मते खटला संपतो. तरी हेलियमचं सांगायला हवं, कारण बचावाचे सगळे मार्ग तिथे येऊन बुजतात. त्रिज्या काळाच्या सरळ प्रमाणात वाढत असेल तर तापमान काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. आज २.७२५ केल्विन, वय १३.८ अब्ज वर्षं. तर तापमान एक अब्ज केल्विन असताना वय सुमारे ३८ वर्षं. प्रमाण मॉडेलमध्ये तीच वेळ तीन-चार मिनिटांची असते. मोकळ्या न्यूट्रॉनचं सरासरी आयुष्य ८८० सेकंद. तीन-चार मिनिटांत बहुतेक न्यूट्रॉन शाबूत असतात, प्रोटॉनशी जोड्या जमवून हेलियममध्ये शिरतात, आणि विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वस्तुमानाचा सुमारे पाव भाग हेलियम होतो. दुर्बिणींना तेवढाच सापडतो. ३८ वर्षांनी मोकळा न्यूट्रॉन शोधायला गेलात तर औषधालाही मिळायचा नाही. साधं द्रव्य भरपूर वाढवलं तर अशा संथ विश्वातही हेलियम मंद आचेवर शिजतो, हे गणित करून दाखवलेलं आहे. पण मंद आचेवर ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळून जातो. आणि ड्युटेरियम तर आहे: प्राचीन वायूच्या ढगांत दर लाख हायड्रोजन अणूंमागे दोन-तीन. ताऱ्यांमध्ये तो तयार होत नाही, उलट नष्ट होतो. मग आला कुठून?

आणखी एक गोष्ट, जी आकृतीत कधीच काढलेली नसते: गोळ्याच्या पृष्ठावर आहे तरी काय? सामान्य सापेक्षतेच्या समीकरणात गोलपृष्ठ घालून त्रिज्या प्रकाशवेगाने वाढवायची तर घनता क्रांतिक घनतेच्या (तेवढी असली की विश्व सपाट असतं) दुप्पट लागते, आणि ती त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ व्हावी लागते. साधं द्रव्य घनाच्या प्रमाणात पातळ होतं, प्रकाश चौथ्या घाताने. वर्गाने पातळ होणारं द्रव्य विश्वात सापडलेलं नाही. ‘आमचं मॉडेल सापेक्षतेवर अवलंबून नाही’ असं म्हणून सुटका करून घेता येते, पण मग बुधाच्या कक्षेचं फिरणं, सूर्याजवळ वाकणारा प्रकाश, गुरुत्वीय लहरी हे सगळं नव्या नियमातून पुन्हा काढून दाखवण्याची जबाबदारी अंगावर येते. घर रंगवायला काढलं आणि पाया खणायला लागला, अशातली गत.

बचावाचा आणखी एक लाडका मार्ग म्हणजे ‘प्रसरण नाहीच, प्रकाश वाटेत थकतो’. तो फार पूर्वी बंद झाला. प्रकाश नुसता थकत असेल तर ताम्रच्युती १ चा सुपरनोव्हा आपल्याकडच्याच गतीने विझला पाहिजे. प्रत्यक्षात वीस दिवसांची घडामोड तिथे चाळीस दिवसांत दिसते. दुसरा पुरावा पुण्याशी जोडलेला आहे. आयुकाचे आर. श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने ताम्रच्युती २.३४ च्या वायूढगातल्या अणू-रेणूंचे वर्णपट घेऊन तिथल्या पार्श्वभूमीचं तापमान २००० साली काढलं: ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान. प्रसरणाच्या हिशेबाने ते ९.१ असायला हवं. पूर्वी विश्व खरंच जास्त गरम होतं. आपला गोळा ही परीक्षा पास होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. थकलेला प्रकाश होत नाही.

मग प्रमाण मॉडेल तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे? नाही. त्याच्या पंचाण्णव टक्के ऐवजाला ‘कृष्ण’ हे विशेषण लावून आपण वेळ मारून नेतो. ६७.४ आणि ७३ यांतला तिढा दहा वर्षांत सुटलेला नाही. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाने २०२५ च्या मार्चमध्ये चौदा दशलक्षांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांच्या आधारे जे प्रसिद्ध केलं, त्यात कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे इशारे आहेत. ते टिकले तर माझ्या दुसऱ्या स्तंभातलं ०.७ हे स्थिर राहणार नाही. जेम्स वेबच्या आरंभीच्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा उजळ निघाल्या, आणि इथे सरळ रेषेत वाढणाऱ्या विश्वाची बाजू खरोखर बरी आहे: ताम्रच्युती १४ ला ते दीर्घिकांना घडण्यासाठी सुमारे ९० कोटी वर्षं देतं, प्रमाण मॉडेल जेमतेम ३० कोटी. फुल्व्हिओ मेलिया यांच्यासारखे व्यावसायिक खगोलभौतिकीज्ञ सपाट भूमितीतलं असंच मॉडेल नेटाने लढवत आहेत ते याच बळावर. पण प्रस्थापिताला दोन विषयांत कमी गुण पडले म्हणजे आव्हान देणाऱ्याची उत्तरपत्रिका आपोआप बरोबर होत नाही. ती वेगळी तपासावी लागते, त्याच प्रश्नांवर.

असं कुणी कधी केलं आहे का? आपल्या डोळ्यांसमोर केलं. कोल्हापुरात जन्मलेले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले जयंत नारळीकर आयुष्यभर महास्फोटाविरुद्ध उभे राहिले. १९९३ मध्ये फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी मांडलेल्या जवळजवळ-स्थिर विश्वाचं रूप पाहा. त्यांनी नुसती आकृती दिली नाही, सूत्र दिलं: प्रसरणाचा गुणक हजार अब्ज वर्षांच्या मापाने हळूहळू वाढतो, आणि त्यावर चाळीस-पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनाची लाट असते. पार्श्वभूमीचा उजेड महास्फोटाचा नसेल तर कशाचा? ताऱ्यांचाच, लोखंडाच्या मिलिमीटरभर लांबीच्या तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. सुपरनोव्हा मंद का दिसतात? त्याच तंतूंच्या धुळीमुळे. दर प्रश्नाला लांबी, काळ, घनता यांत उत्तर. बहुतेकांच्या मते ते मॉडेल पार्श्वभूमीच्या चट्ट्यांसमोर टिकलं नाही, आणि मलाही तसंच वाटतं. पण ते हरू शकलं, कारण त्याने हरण्याइतके आकडे पुढे केले होते. जाता जाता: नारळीकरांनी तरुणपणी ज्या स्थिर-स्थिती विश्वावर (प्रसरण होतं, पण रूप आणि घनता कायम राहते) काम केलं, त्यात प्रसरण वेगावणारंच होतं. १९९८ साली सुपरनोव्हांनी वेगावणारं प्रसरण दाखवलं तेव्हा ते चकित न होणाऱ्या मोजक्या लोकांपैकी असणार.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे तो फुग्यावरून. ठिपके काढलेला फुगा फुगवायचा आणि ‘असं विश्व’ म्हणून पुढे जायचं, हे दशकानुदशकं चाललं आहे. फुग्याला आत मध्य असतो, मग वाचक विश्वाचा मध्य शोधतो. फुग्यावर काढलेला ठिपका स्वतःही ताणला जातो, मग वाचक विचारतो आपली आकाशगंगा का ताणली जात नाही. ठिपक्याऐवजी नाणं चिकटवा आणि सांगा, की गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या वस्तू नाण्यासारख्या असतात, तर दुसरा घोळ तरी मिटेल. पहिला मिटवायला फुगा सोडून द्यावा लागतो आणि नुसती एक संख्या, कोणत्याही दोन दीर्घिकांमधल्या अंतराला गुणणारी, हातात द्यावी लागते. चार मितींतल्या गोळ्याची आकृती हे या फुग्याचंच अपत्य आहे. आपणच शिकवलेलं उदाहरण कुणी मनापासून खरं मानून पुढे नेलं, तर त्याला हसायचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून विद्यापीठांच्या खगोल विभागांनी, आकाश निरीक्षण मंडळांनी एक कोरी शीट मराठीत तयार करून ठेवावी. वर सांगितलेले चार स्तंभ, पँथिऑन प्लसचा तक्ता आधीच उतरवलेला, आणि एक रिकामा चौकोन: ‘तुमच्या मॉडेलचं अंतराचं सूत्र इथे लिहा’. खाली चार प्रश्न. वक्रता किती? तापमान एक अब्ज केल्विन असताना वय किती? पार्श्वभूमीच्या चट्ट्यांची लांबी कुठून आली? घनता कशी पातळ होते? आकृती पाठवणाऱ्याच्या पत्राला उत्तर म्हणून ही शीट पाठवावी. ज्याला सूत्र लिहिता येत नाही त्याच्याकडे अजून मॉडेल नाही, चित्र आहे, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. ज्याला येतं त्याच्याशी बोलायला मजा येते.

भूमितीच्या शौकिनांना खरी मोकळी जागा हवी असेल तर ती वक्रतेत नाही, जोडणीत आहे. विश्व सपाट असूनही संपणारं असू शकतं: खोलीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलात की डाव्या भिंतीतून आत, तसंच पुढून मागे, वरून खाली. अशा सपाट, बंद आणि सांत जोडण्या नेमक्या दहा आहेत, त्यांतल्या सहांमध्ये डावं-उजवं शाबूत राहतं. फ्रीडमनची समीकरणं यांतली कोणती हे सांगत नाहीत. त्यांना फक्त जागच्या जागची वक्रता कळते. २००३ मध्ये जाँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी तर बारा पंचकोनी तोंडांच्या खोलीचं विश्व सुचवलं. सपाट अवकाशात अशा खोल्या एकमेकींना चिकटवायला गेलात तर फट राहते, कारण दोन तोंडांमधला कोन ११६.६ अंश भरतो आणि तीन खोल्या मिळून ३६० होत नाहीत. अवकाश किंचित फुगीर असलं की तो कोन १२० होतो आणि १२० खोल्यांत अख्खं गोलपृष्ठ भरतं. हे जर खरं असेल, तर पार्श्वभूमीच्या आकाशात समोरासमोर सहा जोड वर्तुळं दिसली पाहिजेत, दर जोडीतली दोन्ही वर्तुळं तंतोतंत सारखी, फक्त एक दुसऱ्यापेक्षा ३६ अंशांनी पिळलेलं. शोध घेतला गेला. तेवढ्या मोठ्या वर्तुळांच्या जोड्या सापडल्या नाहीत. सपाट जोडण्यांपैकी, ज्यांत वर्तुळं समोरासमोर येत नाहीत किंवा खोली आपल्या दृष्टीच्या टप्प्याहून थोडी मोठी आहे, अशा कितीतरी अजून नाकारता आलेल्या नाहीत, आणि त्यांची गणितं या क्षणी चालू आहेत.